हॅस्केटांची जाळी

"म्या कुटं म्हनते मला दे म्हून? जागा सांग फकस्त. मरस्तवर तोंडातनं काढनार न्हाई."

"आगं, ठावं असंल तर सांगीन का न्हाई? तूच सांग की. तुज्या बापाची जाळी हाय ती, माज्या न्हाई."

"माज्या बापानं पोरीस्नी कवा सांगितलीया? पोरगी लगीन करून दुसऱ्याच्या घरात जानार आन् जाळी बी संगं घिऊन जानार, म्हनायचा. ऑरिनला दिली त्यानं. आन् ऑरिन झोपायचा तुज्या शेजारी."

"झोपायचा खरा. पर घोरायचा, लिओटा, बोलायचा न्हाई."

लिओटा हसली नाही. अंगणातल्या प्लास्टिकच्या खुर्चीत ती पाय पसरून बसली होती आणि तिची भावजय अल्वीना कुंपणाकडेच्या झुडपांना झारीनं पाणी घालत होती. ऑगस्टचा तिसरा आठवडा सरत आला होता. ऑरिनला मातीत ठेवून पाच महिने झाले होते. मार्चात गेला, तेव्हा जमीन इतकी गोठलेली की खड्डा खणायला यंत्र आणावं लागलं. जाताना त्यानं पिकअपच्या किल्ल्या कुठं ठेवल्यात ते सांगितलं, पाण्याच्या पंपाला काय खोड आहे ते सांगितलं. जाळीचं मात्र एक अक्षर काढलं नाही.

आमच्याकडं, म्हणजे मोंटानाच्या ह्या डोंगरवळीत, माणूस शेजाऱ्याला करवत देईल, पिकअप देईल, बायकोशी झालेलं भांडण रंगवून सांगेल; पण आपली हकलबेरीची, म्हणजे त्या जांभळ्या रानफळाची, जाळी सांगणार नाही. कुणी विचारलंच तर खोटं सांगायचं, ही रीत. विचारणाऱ्यालाही ते ठाऊक असतं, त्यामुळं त्यात पाप नाही. खरं सांगणाऱ्याला लोक भोळसट म्हणतात आणि त्याच्या पोरांशी सोयरीक करताना जरा विचार करतात.

"बाचं खोटं तर सगळ्या गावाला पाठ हुतं," लिओटा म्हणाली. "कुनी बी इचारलं की हात वर करून दावायचा. 'बोडकीच्या पूर्वेला, पार वरच्या खोंडात.' जनू काय खजिनाच वाटतोय."

अल्वीनानं मान वर करून बघितलं. बोडकीचा डोंगर तिच्या घराच्या पाठीमागंच उभा, आणि खोंड म्हणजे त्याच्या माथ्याजवळची खोलगट सपाटी. परसातलं कुंपण संपलं की चढ सुरू. तोही असला की बकरीनं दोनदा विचार करावा.

"म्हंजी हितं तरी न्हाई, येवडं पक्कं," अल्वीना म्हणाली.

"येवडं पक्कं. येक डोंगर तरी कमी झाला." लिओटा गुडघ्यावर हात टेकून उठली. "सप्टेंबरचा पयला शनवार ध्येनात हाय न्हवं? आगीच्या बंबाच्या शेडमधलं जेवान. आमच्या आजीपासनं हॅस्केटांचा पाय हाय तितं. येक वरीस चुकलं न्हाई."

"ठावं हाय." पाय म्हणजे आत फळं भरून ओव्हनमध्ये भाजलेली जाड गोड पोळी; हॅस्केटांच्या पायात फळं त्यांच्याच जाळीतली असायची.

"न्हाई, आपलं सांगते. फ्रिजरमदल्या दोन पिशव्या तू मयतीच्या जेवनाला उडवल्यास."

"तुज्याच भावाच्या मयतीच्या."

"तर! आन् बाजारातनं आनून घालशील तर लोकांस्नी पयल्या घासाला कळंल. मग म्हनतील, जाळी ऑरिनसंगं गेली. ही काय हॅस्केट न्हवं, हॅस्केटाच्या घरात ऱ्हानारी बाई."

हे लिओटानं अगदी सहज म्हटलं, गाडीचं दार उघडता उघडता. अल्वीनाच्या हातातली झारी रिकामी झाली होती, तरी ती तशीच कलती धरून उभी राहिली.

चाळीस वर्षं तिनं शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना वाढलं होतं. गावातली अर्धी माणसं तिच्या हातचं खाऊन मिशा फुटेपर्यंत वाढलेली. पण हॅस्केटांच्या ताटात ती अजून पाहुणीच होती, हे तिला त्या दिवशी कळलं. की आधीपासून ठाऊक होतं आणि आज कुणी तोंडावर बोललं एवढंच? तेही तिला नक्की सांगता आलं नसतं.

आता कुणीही म्हणेल, दर ऑगस्टला नवऱ्याबरोबर त्या जाळीत गेलेली बाई, एक-दोनदा नव्हे, सदतीस वर्षं. तिला जागा ठाऊक नाही, हे कसं? तर त्याचं कारण अल्वीनाचं पोट. लाकूडतोडीच्या त्या नागमोडी रस्त्यांवर तिला गाडी लागायची. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिनं पिकअपचं दार आतून-बाहेरून रंगवून काढलं. तेव्हापासून ऑरिन म्हणायचा, "डोळं मीट. डोळं मिटलं की पोट गप बसतंय." ती पदर धरल्यासारखा रुमाल तोंडावर धरायची, डोळे मिटायची; पहाटेची उठलेली असल्यामुळं तिसऱ्या वळणाला झोपून जायची. जाग यायची ती गाडी थांबल्यावर. परत येतानाही तेच. तिला वाटायचं, नवरा किती जपतो. आता झारी धरून उभं राहिल्यावर पहिल्यांदा मनात आलं, पोटाला जपायचा की जाळीला?

तिच्यापाशी होतं ते एवढंच: गाडीच्या काट्यावर दर वेळी एक्केचाळीस मैल पडायचे. वाटेत एक लाकडी पूल यायचा, कारण तिथं चाकांचा बदललेला आवाज झोपेतही ऐकू यायचा. दोन फाटकं, कारण ऑरिन दोनदा खाली उतरायचा. मग दहा मिनिटं चढाची पायवाट, ओढा डाव्या हाताला. आणि जाळीत वीज पडून दोन फाटे झालेला एक लार्च वृक्ष, त्याच्या खुंटीला निळा, टवके उडालेला पत्र्याचा मग टांगलेला. त्या मगानं ओढ्याचं पाणी प्यायचं.

एवढ्या शिदोरीवर अल्वीना रोज सकाळी निघू लागली. उलटी होऊ नये म्हणून तोंडात आल्याची वडी धरायची आणि डोळे ताणून उघडे ठेवायचे. लाकडी पूल शोधायला गेली तर तीन निघाले. फाटकं पाच, त्यांतल्या दोनांना कुलपं. एका रस्त्यानं एक्केचाळिसाव्या मैलाला ती थेट एका अनोळखी माणसाच्या अंगणात जाऊन उभी राहिली. कुत्रं भुंकलं, माणूस बाहेर आला.

"काय हुडकताय बाई?"

"अळंबी," अल्वीना म्हणाली. रीत ती रीत.

"मग उत्तरंला जावा. तिकडं रग्गड हाय."

म्हणजे उत्तरेला काही नाही, हे तिला कळलं. आणि ती अळंबी शोधत नाही, हे त्यालाही. दोघांनी हसून एकमेकांना हात केला.

एकदा तिनं डोळे मिटूनही बघितलं. रस्त्याच्या कडेला गाडी बंद करून ती डोळे मिटून बसली. वळणं आठवतात का म्हणून. अंगाला आठवेल असं वाटलं होतं. डावीकडं झुकल्यासारखं वाटलं, मग उजवीकडं, मग पुलाचा खडखडाट. आणि मग झोपच लागली. जागी झाली तर तास गेला होता आणि बंद गाडीतच तिला गाडी लागली होती.

रोज संध्याकाळी रिकामा डबा घेऊन परत. आणि अंगणात ती चौदा झुडपं तिची वाट बघत उभी.

त्या झुडपांचीही एक तऱ्हाच. बारा वर्षांपूर्वी अल्वीनाचा गुडघा दुखायला लागला, तेव्हा ऑरिननं जाळीतली चौदा झुडपं मुळांसकट उपटून आणली आणि कुंपणाकडेला लावली. म्हणाला, तू चढू नगंस, जाळीच खाली आनतो. लोकांनी सांगितलं, हकलबेरी माणसाळत नाही. भल्याभल्यांनी नाद सोडला. ऑरिननं ऐकलं नाही. देवदाराचा पाला कुजवून घातला, पाण्यात व्हिनेगर घातलं, थंडीत तर अंगणातला सगळा बर्फ फावड्यानं त्यांच्यावर लोटायचा. त्यांना पांघरून लागतंय म्हणायचा, आणि स्वतः एका स्वेटरवर काम करायचा. झुडपं जगली. पानं आली, दर सप्टेंबरात लालभडक झाली. फळं? बारा वर्षांत मिळून सात. चार ऑरिननं खाल्ली, तीन तिला दिली.

मधे एकदा त्यानं टपालानं बियाणं मागवलं, पाकिटावर 'बागेतली हकलबेरी' असं छापलेलं. भसाभसा उगवली, काळ्या फळांचे घोसच्या घोस लागले. अल्वीनानं घोस बघूनच ओळखलं, हे वेगळंच प्रकरण आहे. खरी हकलबेरी एकटी बसते, पानाच्या बगलेत एकेक. तिला गर्दी चालत नाही. ही तर बांधावर तण म्हणून उगवणाऱ्या कामोणीची थोरली बहीण. ऑरिननं तरी हट्टानं साखर घालून मुरंबा केला. टिंकर कुत्र्यानं एकदा हुंगलं आणि तो दोन दिवस घरात आला नाही.

तरीही अल्वीना झुडपांना पाणी घालत राहिली. का, ते तिला विचारू नये.

जेवण शनिवारी. गुरुवारी सकाळी टिंकर परसात असा भुंकायला लागला की अल्वीना चहाचा कप घेऊनच बाहेर आली. कुत्र्याच्या मानेवरचे केस ताठ झालेले. कुंपणाची वरची फळी मोडलेली आणि आत, झुडपांच्या शेजारी, हा एवढा मोठा पो.

"आस्वल हागलंय," अल्वीना कुत्र्याला म्हणाली. "त्यात येवडं काय?"

पण मग ती वाकली. पो जांभळा होता. जांभळा म्हणजे अस्सल, गडद. तिनं काटकी घेऊन तो उकलला. आत सालं, पानांचे तुकडे आणि कितीतरी फळं जशीच्या तशी, घाईघाईनं गिळलेली. शिळा नव्हता, थंडीत त्यातून वाफ निघत होती.

पहिल्यांदा तिला वाटलं, माझ्या झुडपांना लागली होती आणि ह्या मेल्यानं खाल्ली! तिनं चौदाही झुडपं पान न् पान उलटून बघितली. एक फांदी वाकलेली नव्हती, एक देठ तुटलेला नव्हता. मग ह्यानं खाल्ली कुठं? अस्वल चालतं पुष्कळ, हे खरं. पण पोटात फळ अख्खं ठेवून किती चालेल?

कुंपणापलीकडं दुसरा पो दिसला. त्याच्या वर, ओंडक्यापाशी, तिसरा. सगळे बोडकीवरनं उतरलेले.

"पर हितं तर न्हाई," अल्वीना मोठ्यानं म्हणाली. "हितं न्हाई येवडं तर पक्कं हाय की."

कुत्र्याला तिनं घरात कोंडलं. कुत्रं अस्वलाला चिडवतं आणि मग धन्याच्या पायात लपायला येतं. कॉफीचा मोठा डबा दोरीनं कमरेला बांधला, अस्वलाला पळवायचा तिखट फवारा पट्ट्यात खोवला आणि गुडघ्याला फडकं गुंडाळून ती निघाली.

वर वाट अशी नव्हतीच. पडलेले ओंडके, काटेरी झुडपं, भुसभुशीत माती. दोन पावलं वर, एक पाऊल खाली. अस्वलाच्या रानात माणसानं आवाज करत जावं, म्हणून ती बोलत चालली. एकट्या बाईनं बोलायचं कुणाशी? ती ऑरिनशीच बोलली.

"ऐकलंस का रं? तुजी भन म्हनती म्या हॅस्केट न्हाई... हा वंडका कुनी टाकलाय मधी... आन् तू तिकडं ग्वाड झोपलायस. पंपाची खोड सांगितलीस, पर किल्ल्या तू म्हनलास तितं न्हवत्या. जाळी सांगितली असतीस तर ती तरी खरी सांगितली असतीस का? ... आरं द्येवा, गुडघा!"

तासभर लागला. एका जागी तर ती चारही हातापायांवर गेली. आणि मग एकदम चढ मोडला, झाडी विरळ झाली, ऊन अंगावर आलं आणि पुढं कमरेएवढी झुडपंच झुडपं. पानं लाल व्हायला लागलेली आणि पानाच्या बगलेत एकेक जांभळं फळ, टचटचीत. कडेनं झुडपं चेपलेली. अस्वल बसून जेवलं असावं.

अल्वीनाला काही ओळखीचं वाटलं नाही. आली होती खालून. ह्या बाजूनं ती जाळी तिनं आयुष्यात बघितली नव्हती. तिला वाटलं, नवीन जाळी गावली, माझी स्वतःची! ती वेचायला लागली. दातेरी फणी लावून फळं ओरबाडणं हॅस्केटांत पाप, म्हणून बोटांनी, एकेक. डबा अर्धा भरला. पाठ सरळ करायला उभी राहिली आणि समोर बघितलं.

वीज पडून दोन फाटे झालेला लार्च. खुंटीला निळा मग.

ती खालीच बसली. बसली ती फळांवरच. पुढं आठवडाभर तिच्या विजारीचा मागचा भाग जांभळा होता.

हा मग दुसराच असेल, असं तिनं मनाला सांगितलं. लोक काय, कुठंही मग टांगतात. उठून तिनं मग हातात घेतला. कानाशी टवका उडालेला, तोच. त्यात पाणी होतं आणि पाण्यात एक मेलेला कोळी. झाडाच्या पलीकडं गेली तर पायवाट निघाली. उतरून बघितली तर ओढा आता उजव्या हाताला, आणि खाली रस्त्यावर जुनं फाटक, कुलूपबंद. त्या कुलपाच्या अलीकडून ती मागच्याच आठवड्यात परत फिरली होती.

तर मग एक्केचाळीस मैल कसले? डोंगराला वळसा घालायचे. घरापासून निघायचं, सगळी दरी फिरायची आणि घराच्याच डोक्यावर येऊन उतरायचं. सदतीस वर्षं!

ती परत लार्चखाली आली आणि बसून विचार करायला लागली. आणि जितका विचार केला तितका गुंता वाढला. ऑरिनला ठाऊक होतं का? सासऱ्याचं घर होतं डोंगराच्या पश्चिमेला. तिथून हाच रस्ता, हीच फाटकं. बापानं दाखवला त्या रस्त्यानं पोरगा गेला. इकडं पूर्वेला घर घेतल्यावरही जुन्याच वाटेला जाऊन मिळाला. असंही असेल. माणूस कपाटातली वस्तूही बापानं ठेवली तिथंच ठेवतो. पण मग घर घेताना त्यानं तीन घरं बघितली होती आणि सगळ्यात मोडकं हेच घेतलं, ते का?

तेवढ्यात खालून, झाडांच्या फटीतून, कुत्र्याचं भुंकणं आलं. बारीक, पण स्वच्छ. टिंकर.

हे तिनं पूर्वीही ऐकलं होतं. ह्याच जाळीत, डबा भरता भरता ती म्हणाली होती, "आरं, ह्यो तर आपला टिंकर." आणि ऑरिन मान न वळवता म्हणाला होता, "सगळी कुत्री सारकीच भुकत्यात." त्याला खरंच तसं वाटलं होतं का? की तोंड लपवायला वाकला होता?

आणि त्या पाठोपाठ दुसरं आठवलं. लग्नाला वीसेक वर्षं झाली असतील. ती भांडी घासत होती, ऑरिन सूप पीत होता. तिनं सहज विचारलं होतं, "आता तरी सांग की, कुटं हाय जाळी?" त्यानं हातातला चमचा खिडकीकडं केला, बोडकीकडं. "ती काय. वर. खोंडात." ती हसली होती आणि ओल्या फडक्यानं त्याच्या पाठीत एक मारली होती. तोही हसला होता.

खरं सांगितलं होतं त्यानं? की बापाचं खोटं बाप मेल्यावर पुढं चालवत होता, आणि ते खोटं खरं आहे हे त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हतं? आणि बाप? तो तर साऱ्या गावाला हात वर करून जागा दाखवत होता, आणि म्हणूनच पन्नास वर्षांत एकही माणूस इकडं फिरकला नव्हता.

"आरं येड्यांनो," ती म्हणाली. ते कुणाला, तिलाही सांगता आलं नसतं. मग मेलेला कोळी झटकून तिनं मग पुन्हा खुंटीला टांगला आणि डबा काठोकाठ भरला.

उतरायला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागला. परसातल्या मोडक्या फळीतून ती आत आली तेव्हा दुपार झाली होती आणि लिओटा अंगणात हजर. पिकअपच्या बॉनेटवर हात ठेवून उभी.

"इंजिन गार हाय," लिओटा म्हणाली. मग तिची नजर डब्यावर गेली आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. तिनं एक फळ उचललं, जिभेवर ठेवलं, डोळे मिटले.

"बाच्या जाळीचं हाय," ती हळूच म्हणाली. "ह्येच्यात काय बी बदल न्हाई. कुटनं आनलंस?"

अल्वीनानं फळं निवडायला अंगणातल्या टेबलावर तिरपी फळी लावली आणि तिच्यावर ओला टॉवेल अंथरला. मूठभर फळं वरून सोडली. फळं गडगडत खालच्या परातीत गेली; पानं, देठ टॉवेलाला चिकटून राहिले.

तिला खोटं सांगता आलं असतं. तीन पूल होते, पाच फाटकं होती, उत्तर दिशा होती. पण दिवसभरात तिच्या डोक्याचा एवढा भुगा झाला होता की नवीन खोटं रचायला जागाच उरली नव्हती.

"बोडकीवरनं," ती म्हणाली. "ह्या घराच्या मागं. वरच्या खोंडात."

लिओटानं तिच्याकडं टक लावून बघितलं. मग डोंगराकडं. मग तिच्या पोटातून हसू असं वर आलं की तिला खुर्ची धरावी लागली.

"आगं भवाने!" डोळे पुसत ती म्हणाली. "आगदी बाच्यावानी! हात तेवडा वर करायचा ऱ्हायलाय."

"लिओटा, खरं सांगते मी."

"त्यो बी आसंच म्हनायचा! बास, न्हाई इचारत. सापडली तुला, लई झालं. कोनाला सांगू बी नगंस, मला बी न्हाई." तिनं आणखी एक मूठ उचलली, खाल्ली आणि जांभळ्या तोंडानं गाडीकडं निघाली. दार उघडता उघडता थांबली. "शनवारी पाय आन. आन् आमच्या रांगंत बस."

गाडी गेली. अल्वीना हातात मूठ तशीच धरून, गेलेल्या धुळीकडं बघत राहिली. मागं बोडकी उभी होती. तिनं ती नेमकी कुठं सपाट होते ते शोधायचा प्रयत्न केला. खालून काही दिसत नव्हतं, झाडीच झाडी. घरात कोंडलेला टिंकर दारावर पंजे मारत होता.

"आले, आले," ती म्हणाली. पण गेली नाही. टॉवेल झटकला, पाण्यात बुडवून पिळला, पुन्हा फळीवर अंथरला आणि पुढची मूठ सोडली.